वाचकांचे प्रश्न: निवड झाली, पुढे काय?

गेल्या अंकात एका उत्तरात मी सहज लिहून गेलो की पंजाबचा सतनाम सिंग भमरा हा एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या बास्केटबॉल लीगच्या, ड्राफ्टमधे निवडला गेलेला, भारतात जन्मलेला पहिला खेळाडू. एवढंच. त्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप आले की संपादकबाईंचा फोन, या वेळी आख्खं पान बास्केटबॉललाच देऊन टाका म्हणून. क्रिकेटवाले रुसतील, रुसू देत, त्यांच्यासाठी बाकी सगळा देश जागा असतोच. आपल्या इंदुरात रेसकोर्स रोडला चांगलं बास्केटबॉल कॉम्प्लेक्स आहे आणि निम्मं गाव त्याच्यासमोरून नुसती गाडी काढतं, तेव्हा एक महिना आमचा.

काका, आमच्या ग्रुपमधे भांडण लागलंय. मी म्हणतो सतनाम एनबीएमधे खेळलाय, मित्र म्हणतो एक मॅचसुद्धा खेळला नाही आणि आता तो डब्ल्यूडब्ल्यूईत कुस्त्या करतो. कचोरीची पैज आहे. (कॉलेजमधला एक मुलगा, राजेंद्रनगर)

हरलास भिया. पण पूर्ण नाही, थांब, सांगतो.

सतनामचं गाव बल्लो के, जिल्हा बरनाला. शेतकऱ्याचं घर, वडील बलबीर सिंग स्वतः सात फुटांच्या वर. त्यांनाही तरुणपणी लोक म्हणायचे की तू बास्केटबॉल खेळ, पण घरच्यांनी शेतीला जुंपलं, मग जे आपलं राहिलं ते पोराकडून करून घ्यायचं त्यांनी ठरवलं. आपल्याकडच्या बापांना हे वेगळं समजावून सांगायला नको. पोराला लुधियानाच्या अकॅडमीत घातला, तिथून २०१० मधे स्कॉलरशिप मिळून तो फ्लोरिडातल्या आयएमजी अकॅडमीत गेला, वय वर्षं १४, इंग्रजी शून्य. तू चौदाव्या वर्षी एकटा कुठपर्यंत गेला होतास? मी उज्जैनपर्यंत, तेही मामा स्टेशनवर घ्यायला येणार होता म्हणून. आणि हा पोरगा तिथे कोच काय ओरडतोय ते बाकीच्यांचे पाय बघून समजून घ्यायचा, दिवसा प्रॅक्टिस आणि बाकी वेळ इंग्रजीचा अभ्यास, अशी पाच वर्षं.

मग २५ जून २०१५, ब्रुकलिन, ड्राफ्टची रात्र. ड्राफ्ट म्हणजे एनबीएच्या ३० टीम पाळीपाळीने नवी पोरं उचलतात, दोन राउंड, तेव्हा एकूण ६० नावं. ५२ व्या नंबरला डॅलस मॅव्हरिक्सने सतनामचं नाव घेतलं. इकडे टीव्हीवर, पेपरात, सगळीकडे तोच. आणि लोकांच्या डोक्यात गोष्ट तिथेच संपली, सिनेमासारखी, त्यामुळे तुझ्यासारख्या हुशार पोरालाही वाटतं की निवडला म्हणजे खेळला.

आता ऐक यातली मेख. पहिल्या राउंडमधे निवडलेल्या पोराला पहिली दोन वर्षं पगार पक्का, बाकावर बसून पॉपकॉर्न खाल्ले तरी. दुसऱ्या राउंडमधे तसं काही नाही. तुझ्यावर हक्क त्या टीमचा, पण तुला कॉन्ट्रॅक्ट द्यायचं की नाही ही त्यांची मर्जी. म्हणजे साखरपुडा झाला, लग्नाची तारीख नाही. सतनाम मॅव्हरिक्सकडून समर लीग (नव्या पोरांची उन्हाळी स्पर्धा) खेळला, नंतर त्यांच्याच खालच्या टीममधे, टेक्सास लेजंड्समधे होता, तिथेही कोर्टवर उतरायला मिळालं ते मिनिटांच्या हिशोबात. एनबीएच्या मुख्य सीझनची मॅच एकही नाही.

का नाही? माझं मत विचारशील तर पोराचं टायमिंग हुकलं. त्याच्या ड्राफ्टच्या नऊच दिवस आधी, १६ जूनला, गोल्डन स्टेट वॉरियर्सने फायनल जिंकली, आणि कशी जिंकली तर चौथ्या मॅचपासून आपला सात फुटी सेंटर बोगट सुरुवातीच्या पाचातून काढून त्याच्या जागी साडेसहा फुटी इग्वोडाला घालून. तोच इग्वोडाला पुढे फायनलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. सगळ्या लीगने बघितलं की आता बास्केटखाली उभा राहणारा डोंगर नको, पळणारा आणि लांबून टाकणारा हवा. सतनामला लहानपणापासून शिकवलं होतं ते डोंगराचं काम.

तुझा घोळ बहुतेक सिम भुल्लरमुळे झालाय. तो सात फूट पाच इंच, आईवडील पंजाबचे, पण जन्म कॅनडातला. सॅक्रामेंटो किंग्जने एप्रिल २०१५ मधे त्याला दहा दिवसांचं कॉन्ट्रॅक्ट दिलं (हो, असंही असतं, दहा दिवसांचं) आणि तो तीन मॅचमधे थोडा थोडा वेळ उतरला. भारतीय वंशाचा पहिला एनबीए खेळाडू तो. दोघांची नावं त्याच वर्षी गाजली त्यामुळे भेळ झाली.

मित्राची अर्धी कचोरी मात्र काप, कारण सतनाम डब्ल्यूडब्ल्यूईत नाही, एईडब्ल्यू नावाच्या दुसऱ्या कंपनीत गेला, २०२१ मधे करार आणि २०२२ मधे रिंगणात. मधे कॅनडाच्या लीगमधे खेळून झालं, आणि २०१९ मधे डोप टेस्टमधे अडकून दोन वर्षांची बंदीही झाली, त्याबद्दल खाली एका वडिलांच्या प्रश्नात लिहितो. लोक म्हणतात फुकट गेला. मला नाही पटत. दुसऱ्या राउंडमधून पुढे जाणारे असतात, २०१४ मधे ४१ व्या नंबरला निवडलेला निकोला योकिच तेव्हा सर्बियात घरी झोपला होता आणि त्याचं नाव पुकारलं तेव्हा अमेरिकन टीव्हीवर टाको बेलची जाहिरात चालू होती, पुढे तोच तीनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला. पण असे किती? ६० मधले बहुतेक जण चारपाच वर्षांत कुठे जातात ते त्यांच्या गावालाही माहीत नसतं. सतनामने परदेशात दुसरा धंदा शोधला आणि पोट भरतोय.

नातू चौदा वर्षांचा आहे. उंची वाढायला म्हणून सकाळ संध्याकाळ गॅलरीच्या सळईला लटकतो. माझी वाळवणाची दोरी दोनदा तुटली. याने खरंच उंची वाढते का हो? (एक आजी, टिळकनगर)

आजी, दोरीचे पैसे त्याच्या वाढदिवसाच्या पाकिटातून कापा. लटकून मणका जरा ताणला जातो, चकत्यांवरचा भार कमी होतो, तासाभरात परत होता तिथे. उंची ठरते ती हाडांच्या टोकांशी जो वाढीचा भाग असतो त्यावर, आणि तो किती दिवस उघडा राहणार हे बरंचसं आईवडिलांकडून आलेलं असतं. पोटभर जेवण, दूध, डाळ, अंडी खात असाल तर अंडी, आणि रात्री मोबाईल काढून घेऊन नऊ तास झोप. लटकू दे, खांदे मजबूत होतात, फक्त सळई पक्की आहे ना ते मिस्त्रीला दाखवा.

गंमत बघा, या खेळात सगळी उंचीची भानगड सुरू झाली तीही गॅलरीमुळेच. डिसेंबर १८९१ मधे अमेरिकेत स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ नावाच्या मास्तरांनी थंडीत पोरांना घरातल्या घरात खेळता यावं म्हणून पीचच्या टोपल्या जिमच्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या, तो कठडा होता दहा फुटांवर, म्हणून आजही जगभर रिंग दहा फुटांवर, ३.०५ मीटर. कठडा बारा फुटांवर असता तर काय झालं असतं देव जाणे.

आणि नातवाला मगसी बोग्सचे व्हिडिओ दाखवा. पाच फूट तीन इंच, म्हणजे आपल्या घरातल्या काकूएवढा, आणि एनबीएत १४ सीझन खेळला. पहिल्या वर्षी त्याच्याच टीममधे मानूट बोल होता, सात फूट सात इंच. दोघांचा एकत्र फोटो आहे, बघून तुम्हालाही हसू येईल. आयझेया थॉमस म्हणून पाच फूट नऊ इंचाचा एक, २०११ च्या ड्राफ्टमधे ६० वा, म्हणजे शेवटून पहिला, तोच २०१६-१७ मधे बॉस्टनकडून मॅचमागे जवळजवळ २९ पॉइंट काढत होता. अर्थात ही माणसं अपवाद आहेत, उंच असणं चांगलंच, खोटं कशाला बोलू. पण नातू चौदाचा आहे, त्याने आत्ता डावा हात तयार करावा. आमच्याकडे दहातली नऊ पोरं डाव्या बाजूने लेअप (पळत जाऊन बास्केटजवळून टाकायचा शॉट) मारताना उजव्याच हाताने मारतात आणि मग बोर्डच्या मागे बॉल.

मुलगा अकरावीत आहे, राज्याच्या ज्युनियर टीमच्या कॅम्पपर्यंत गेला होता. कोच म्हणतात डमी शाळेत घाला आणि दिवसभर प्रॅक्टिस. मिस्टर म्हणतात कोचिंग लावा. मला एवढंच कळत नाही की प्रोफेशनल खेळाडू म्हणजे त्याला पगार देतं कोण? (एक आई, सुदामानगर)

वहिनी, एवढ्या सगळ्या पत्रांत मुद्द्याचा प्रश्न तुमचा. पगार कोण देतं हे पोरं विचारत नाहीत, कोच सांगत नाहीत.

भारतात बास्केटबॉलवर जे जगतात त्यांना पगार देतं रेल्वे, सैन्यदल, ओएनजीसी, इन्कमटॅक्स, पोलिस, चेन्नईची इंडियन ओव्हरसीज बँक, असे. म्हणजे रजिस्टरवर ते क्लार्क, टीसी, अधिकारी, हवालदार, आणि संध्याकाळी त्या खात्याच्या टीमचे खेळाडू. लीग येतात जातात. यूबीए नावाची लीग २०१५ ला सुरू झाली, २०१७ नंतर बंद. फेडरेशनने २०२२ पासून आयएनबीएल सुरू केलीय, चांगली गोष्ट आहे, पण लीगच्या चार पैशांवर घराचा हप्ता लावू नका, हप्ता नोकरीवर लावतात. विशेष भृगुवंशी घ्या, बनारसचा पोरगा, भारताचा कॅप्टन राहिलेला, २०२० चा अर्जुन पुरस्कार, त्याला २०१७ मधे ऑस्ट्रेलियाच्या अ‍ॅडलेड ३६र्स टीमने ट्रेनिंगचं कॉन्ट्रॅक्ट दिलं होतं. इतका मोठा खेळाडू, पण नोकरी ओएनजीसीची. अमृतपाल सिंग त्याच सुमारास सिडनी किंग्जकडून खेळला, अमज्योत सिंग ओक्लाहोमा सिटी ब्लूकडून, म्हणजे एनबीएच्या खालच्या लीगमधे. बाहेर जाऊन आलेले देशभरात बोटांवर मोजावे इतके.

आता डमी शाळा. अजिबात नको, आणि हे मी अभ्यासाच्या प्रेमापोटी म्हणत नाही, मी स्वतः बीकॉम दोन अटेम्प्टमधे काढलंय. शाळेकडून शालेय स्पर्धा, मग कॉलेजकडून विद्यापीठाची टीम, मग ऑल इंडिया इंटर युनिव्हर्सिटी, हे जिने नोकरीच्या फॉर्ममधे मोजले जातात. नाव एका शाळेत आणि पोरगा दिवसभर दुसरीकडे, असं असलं तर उद्या शाळेच्या टीमसाठी हजेरी मागितली की कुणाकडे बघणार? आणि अकरावी बारावी बरी झाली नाही तर स्पोर्ट्स कोट्यातून चांगलं कॉलेजही हातचं जातं. कोचला फक्त या वर्षीची टीम दिसते, त्यांचीही चूक नाही, त्यांनाही रिझल्ट दाखवायचा असतो.

सकाळी एक तास, संध्याकाळी अडीच तास, रविवारी मॅच, एवढं सतरा वर्षांच्या पोराला पुष्कळ झालं. आणि एक बारीक गोष्ट, हसू नका, सर्टिफिकेट लॅमिनेट करू नका. आपल्याकडे आयांना फार हौस. पुढे कधी पडताळणीत मागे शिक्का नाहीतर सही लागली की ते प्लास्टिक निघत नाही, ओढलं तर कागदाचा वरचा थर घेऊन येतं, मी एका पोराचं डोळ्यासमोर फाटलेलं बघितलंय. प्लास्टिकच्या फोल्डरमधे ठेवा, दोन स्कॅन काढा, आणि फॉर्म भरायच्या आधी जाहिरातीत कुठली स्पर्धा धरतात आणि कितव्या नंबरपर्यंत धरतात ते मिस्टरांना घेऊन शांतपणे वाचा.

मध्यप्रदेशात ज्युनियर खेळाडूंना एकलव्य आणि सिनियरना विक्रम पुरस्कार असतो, त्यावरही लक्ष ठेवा. आणि समजा टीमपर्यंत नाहीच पोचला, तरी ग्वाल्हेरला एलएनआयपीई आहे, शारीरिक शिक्षणाची १९५७ पासूनची संस्था, पटियाळाला एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, कोचिंग डिप्लोमा आहे. पोराला हे आत्ता सांगू नका, चिडेल. तुम्हाला माहीत असू द्या.

एवढे करोडो रुपये घेतात हे अमेरिकन खेळाडू, मॅच तर दोन तासांची. बाकी वेळ काय करतात? (निवृत्त गृहस्थ, लोकमान्यनगर)

भाऊसाहेब, तुमच्या स्वरातून वाटतंय की तुम्ही पेन्शनीच्या आकड्याशी तुलना केलीत. करू नका, त्रास होतो.

ऑक्टोबर ते एप्रिल ८२ मॅच, त्यातल्या निम्म्या परगावी. मॅच ४८ मिनिटांची पण संपायला अडीच तास. सकाळी हलकी प्रॅक्टिस, मग समोरच्या टीमचे व्हिडिओ, दुपारी झोप (ही झोप ते फार गंभीरपणे घेतात, फोन बंद), मग पट्ट्या बांधणं, मॅच, बर्फ, पत्रकार, आणि रात्री विमान. पहाटे दुसऱ्या गावात हॉटेलात शिरायचं, कधी त्याच दिवशी संध्याकाळी परत मॅच. मुलांचे वाढदिवस फोनवर. तिशी उलटली की शरीर ऐकत नाही, आणि तिथपर्यंत पोचतात तेच थोडे.

पैशाचं म्हणाल तर अँटवान वॉकर म्हणून एक होता, तीनदा ऑल स्टार, बॉस्टनचा लाडका. करिअरमधे दहा कोटी डॉलरच्या वर कमावले आणि २०१० मधे कोर्टात दिवाळखोरीचा अर्ज. घरं, गाड्या, जुगार, आणि भोवती पोसलेली माणसं. आपल्याकडे सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री एकट्याने जायचं ठरवून निघावं आणि बिल बारा जणांचं व्हावं तसं.

जिमवाल्याने मुलाला एक पावडर दिलीय, म्हणतो पूर्ण हर्बल, काही होत नाही. देऊ का? (एक वडील, पलासिया)

डब्यावरचे बारीक अक्षरातले शब्द वाचल्याशिवाय चमचाभरही नको.

वर सतनामचं सांगितलं ना, त्याच्या टेस्टमधे जे सापडलं ते होतं हायजेनामाइन. नाव ऐकून कारखान्यातलं वाटतं, पण हे द्रव्य काही झाडांमधेच असतं आणि वजन घटवायच्या, व्यायामाआधी तरतरी यायच्या पावडरींमधे टाकतात. डोपिंगच्या यादीत ते श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधांच्या गटात येतं. सतनामचं म्हणणं होतं की आपण जाणूनबुजून काही घेतलं नाही, तरी २०२० मधे दोन वर्षांची बंदी लागली, २०१९ पासून मोजून. करिअर २३ व्या, २४ व्या वर्षी थांबलं. नियम असा आहे की अंगात सापडलं तर जबाबदारी खेळाडूची, दुकानदाराची नाही, जिमवाल्याची तर नाहीच नाही. तेव्हा हर्बल या शब्दाला भुलू नका, धोतराही हर्बलच आहे.

मुलगा कॅम्पला जाण्याइतका खेळत असेल तर सर्दीचं औषधसुद्धा डॉक्टरांना सांगून घ्यायचं की मी खेळाडू आहे, टेस्ट होऊ शकते. बाकी प्रोटीन म्हणाल तर उसळ, दही, पनीर, शेंगदाणे. इंदुरात पोह्यांवर शेव घालून पोट भरायची सवय आहे, माझीही आहे, पण त्यात प्रोटीन नाही हो, नुसता आनंद आहे.

मी नववीत आहे, उंची पाच फूट आठ. संध्याकाळी कोर्टवर दोन्ही बोर्ड मुलांनी अडवलेले असतात, आम्हाला म्हणतात साइडला ड्रिबल करा. मुलींचं या खेळात काही होतं का? (एक मुलगी, लोकमान्यनगर)

पहिलं हे की साइडला ड्रिबल करू नकोस. आणखी तिघींना घे, चौघी मिळून एका बोर्डखाली जाऊन उभ्या राहा आणि म्हणा पुढचा गेम आमचा. अर्धं कोर्ट, एक बोर्ड, तीन विरुद्ध तीन, दहा मिनिटं किंवा २१ पॉइंट, बारा सेकंदांत शॉट. हा काही टाइमपासचा खेळ नाही, थ्री बाय थ्री म्हणून टोकियो ऑलिंपिकपासून मेडलचा खेळ आहे. पोरं दोनतीन दिवस कटकट करतील, चौथ्या दिवशी त्यांना सहावी प्लेयर लागेल आणि तुला हाक मारतील.

आणि होतं का म्हणजे, झालंय. केरळची गीतू अ‍ॅना जोस, सहा फूट दोन इंच, आधी व्हॉलीबॉल खेळायची. दक्षिण रेल्वेत नोकरी, भारताची कॅप्टन, ऑस्ट्रेलियात रिंगवुड हॉक्सकडून क्लब बास्केटबॉल खेळून आली, आणि २०११ मधे अमेरिकेच्या डब्ल्यूएनबीएच्या, म्हणजे बायकांच्या एनबीएच्या, तीन टीमच्या ट्रायलला गेली. टीममधे घेतलं नाही, परत आली, पुन्हा रेल्वे आणि भारताकडून खेळली, २०१४ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. बनारसच्या प्रशांती सिंगला २०१९ मधे पद्मश्री मिळाली. या बाईंची नावं तुझ्या वर्गातल्या किती पोरांना माहीत आहेत विचार, आणि मला कळव.

तुझा बॉल सहा नंबरचा घे, सात नंबर मुलांचा. सातने सराव करून बोटं दुखवून घेऊ नकोस. (हाच प्रश्न आणखी चार जणांनी विचारलाय, त्यांनाही हेच उत्तर: मुलं सात, मुली सहा, बारा वर्षांखालचे पाच.)

गुडघ्यातून कट असा आवाज आला, सूज होती, आता उतरली. मॅच पुढच्या रविवारी आहे. खेळू का? (एक खेळाडू, वय २१)

नाही.

हे वाचून तू चिडला असशील म्हणून माझंच सांगतो. १९८८, विद्यापीठाची ट्रायल, सिमेंटचं कोर्ट, मी रिबाउंड घेऊन खाली आलो तो दुसऱ्याच्या बुटावर, गुडघा आत वळला आणि असाच आवाज, वाळलेली काटकी मोडावी तसा. एका दवाखान्यात सांगितलं मुरगळलाय, पट्टी बांधा, शेक द्या. तीन आठवड्यांत सूज उतरली, मला वाटलं झालो बरा, सरळ पळता यायचं ना. फक्त वळताना गुडघा आपला नसल्यासारखा सटकायचा. आठ महिने असाच खेळलो. मग दुसऱ्या एका डॉक्टरांनी मला टेबलावर पाय दुमडून झोपवलं, दोन्ही हातांनी नडगी धरून पुढे ओढली, आणि ती ड्रॉवरसारखी पुढे आली. एक मिनिट लागलं त्यांना. आतला लिगामेंट तुटलेला होता, आणि आठ महिन्यांच्या हट्टात गादीही झिजवून टाकली होती मी.

कोबी ब्रायंटचं सगळे सांगतात की १२ एप्रिल २०१३ ला पायाची शीर तुटली तरी दोन फ्री थ्रो टाकले, दोन्ही आत, आणि स्वतः चालत बाहेर गेला. खरंय. पण दुसऱ्याच दिवशी तो ऑपरेशनच्या टेबलावर होता हे पोरं विसरतात, आणि कोर्टवर परत आला तो डिसेंबरात. चीनचा याओ मिंग, २००२ चा पहिल्या नंबरचा खेळाडू, त्याच्यामागे सगळं जग, सगळे डॉक्टर, तरी पायाच्या हाडांनी त्याला २०११ मधे, तिसाव्या वर्षी घरी बसवलं. तू सोमवारी हाडांच्या डॉक्टरकडे जा, एमआरआय सांगितला तर कर, आणि रविवारी स्कोअर लिही.

काका तुम्ही स्वतः प्रोफेशनल का नाही झालात? (तोच कचोरीवाला मुलगा, दुसऱ्या चिठ्ठीत)

वरचं उत्तर वाच. शिवाय खरं सांगू, गुडघा नसता गेला तरी झालो नसतो, मी पाच फूट दहा इंच आणि डावा हात कच्चा, तो अजूनही कच्चाच आहे. बँकेत लागलो, तेही कोट्यातून नाही, परीक्षा देऊन, दुसऱ्या अटेम्प्टला, बीकॉमसारखंच.

रविवारी सकाळी साडेसहाला जातो अजून कोर्टवर. पळत नाही, फ्री थ्रो टाकतो, पन्नासातले तीस बत्तीस जातात. पावसाळ्यात आधी वायपरने पाणी ओढायचं काम असतं ते माझ्याकडे, आणि पंपाची सुई. वीस पोरं येतात, वीस जणांकडे तीन हजारांचे बूट, पण बॉलमधे हवा भरायची सुई एकाकडे नसते, मग पावणेसातला फोन, काका निघालात का, सुई आणा. माझ्या पाकिटात मागच्या कप्प्यात असते, कागदात गुंडाळून, आधी जिभेने ओली करून मग घालायची, नाहीतर व्हॉल्व्ह फाटतो.